चार बोटांचे अंतर : जमिनीलगतच्या मोटारी आणि त्यांच्या मागावरचा कायदा

नवी दिल्ली : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२४ रोजी एक जुना गुन्हा कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला. मोटारीत फेरफार करून तिचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणणे आणि अशी मोटार रस्त्यावर चालविणे, हा तो गुन्हा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेले हे कलम सहा दशकांहून अधिक काळ टिकले. ते रद्द करणारे ‘असेंब्ली बिल ४३६’ सभागृहाचे सदस्य डेव्हिड अल्वारेझ यांनी मांडले होते आणि गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. शहरांतील ठरावीक रस्त्यांवर संथ गतीने फेऱ्या मारण्यावर, म्हणजे ‘क्रुझिंग’वर, बंदी घालण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकारही याच विधेयकाने संपुष्टात आणला.

मोटारीचे पोट आणि रस्ता यांच्यातील काही सेंटिमीटरच्या अंतरासाठी कायदा करावा लागतो, तो चुकविण्यासाठी नवे यंत्र शोधले जाते आणि अखेर तो कायदाच मागे घेतला जातो, ही घटना वरकरणी नवलाची वाटते. मात्र हौशी मोटारप्रेमींच्या जगात मोटार जमिनीला जवळजवळ टेकविण्याची ही आवड जुनी आहे. अमेरिका, जपान व युरोपात तिचे वेगवेगळे संप्रदाय आहेत. गेल्या काही वर्षांत ती भारतातही दिसू लागली आहे. या आवडीमागे अभियांत्रिकी किती, शोभा किती, धोका किती आणि कायद्याने नेमके कशाला रोखावे, हे प्रश्न त्यामुळे भारतीय वाचकालाही परके राहिलेले नाहीत.

मोटार ‘खाली बसविणे’ म्हणजे काय?

कारखान्यातून बाहेर पडलेल्या सर्वसाधारण मोटारीत टायरचा वरचा भाग आणि त्यावरील मडगार्डची कमान यांच्यामध्ये तीन-चार बोटे सहज जातील एवढी मोकळी जागा असते. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना चाक वर उचलले जाते, त्या हालचालीसाठी ही जागा राखलेली असते. मोटारीच्या पोटाखालील अंतर, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, हा याच हिशेबाचा दुसरा भाग. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान मोटारींत ते साधारण १६ ते १८ सेंटिमीटर असते.

हौशी मंडळींना खटकते ती कमानीखालची रिकामी जागा. ती भरून निघाली, टायर कमानीत दडला, की मोटार रस्त्याला चिकटल्यासारखी दिसते. हा परिणाम साधण्याचे चार प्रमुख मार्ग आहेत. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगचे वेढे कापणे. दुसरा, आखूड व अधिक कडक स्प्रिंग बसविणे. तिसरा मार्ग ‘कॉइलओव्हर’चा. यात स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच संचात असतात आणि आटे असलेली कडी फिरवून उंची कमी-जास्त करता येते. या तिन्ही पद्धतींत मोटार कायमची खाली राहते, म्हणून त्यांना ‘स्टॅटिक’ म्हटले जाते.

चौथा मार्ग हवेचा. यात स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे बसविले जातात आणि डिकीत कॉम्प्रेसर व हवेची टाकी ठेवली जाते. फुग्यांत हवा भरली की मोटार चालविण्याजोगी उंच होते आणि उभी करताना हवा सोडली की तिचा सांगाडा जमिनीवर विसावतो. उभी केल्यावर खाली बसणारी मोटार ही कल्पना हौशी लोकांपुरती मर्यादित नव्हती. १९५५ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात सादर झालेली सिट्रोएन डीएस ही तेल व वायूच्या दाबावर चालणाऱ्या सस्पेन्शनमुळे उंची बदलू शकत असे आणि इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसत असे.

वाळूच्या पोत्यांपासून विमानाच्या पंपापर्यंत

या संस्कृतीचे सर्वांत ठळक मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या तरुणांच्या हाती जुन्या मोटारी आल्या. नव्या मोटारी त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. त्याच काळात गोऱ्या तरुणांमध्ये ‘हॉट रॉड’चे वेड होते. जुनी मोटार हलकी करायची, इंजिन वाढवायचे आणि शर्यत लावायची, हे त्याचे सूत्र. मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी नेमके उलटे केले. त्यांची मोटार जड, चकचकीत, जमिनीलगत आणि मुद्दाम संथ असे. ‘खाली आणि हळू’ हे त्यांचे ब्रीद. डिकीत वाळूची पोती किंवा सिमेंटच्या गोण्या ठेवून, स्प्रिंग कापून ते मोटारीचा मागचा भाग खाली आणत आणि संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार्डसारख्या रस्त्यांवरून संथपणे फेऱ्या मारत. हेच पुढे ‘लोरायडर’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २४००८ आले. त्याची तांत्रिक बाजू अगदीच निराधार नव्हती. टायर अचानक फुटला तर मोटार रिमवर टेकते. त्या वेळी सांगाड्याचा एखादा भाग रिमपेक्षा खाली असेल, तर तो रस्त्यावर घासून चालकाचा ताबा सुटू शकतो. म्हणूनच रिमची खालची कडा ही मर्यादा मानली गेली. मात्र या कलमामुळे वाळूची पोती आणि कापलेल्या स्प्रिंगवर चालणारी मोटार पोलिसांच्या हाती आयतीच सापडू लागली.

त्यावरचा तोडगा सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अग्वायरे या तरुणाने १९५९ मध्ये काढला. विमानांच्या जुन्या सामानातून मिळणारे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह त्याने आपल्या ‘एक्स-सॉनिक’ नावाच्या शेवरोले कॉर्व्हेट मोटारीला बसविले. डिकीतील बॅटऱ्यांवर पंप चालतो, तेल दाबाने चाकाजवळील सिलिंडरमध्ये जाते आणि मोटार उचलली जाते. व्हॉल्व्ह उघडला की तेल परत फिरते आणि मोटार खाली बसते. चालकाने बटण दाबले की काही क्षणांत बेकायदा मोटार कायदेशीर होई आणि पोलीस पुढे गेले की पुन्हा जमिनीला टेके. आज लोरायडर मोटारी उड्या मारताना किंवा तीन चाकांवर उभ्या राहताना दिसतात, त्या करामतीचा उगम या पळवाटेत आहे.

शिल्प, वस्ती आणि संशय

पुढील दोन दशकांत लोरायडर ही लोककला झाली. १९५८ ते १९६४ या काळातील शेवरोले इम्पाला ही तिची आवडती मोटार. धातूचा चमकता थर, त्यावर पारदर्शक रंगाचे अनेक हात, हाताने ओढलेल्या बारीक रेषा, ग्वादालूपेच्या मातेची किंवा ॲझटेक काळातील चित्रे, आत मखमली गाद्या आणि तारांच्या आऱ्यांची लहान चाके, असा तिचा थाट. वडिलांनी सुरू केलेली मोटार मुलाने पूर्ण करावी, हेही नेहमीचे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘ड्यूक्स’सारख्या कार क्लबांनी या हौसेला शिस्त दिली. १९७७ मध्ये सॅन होजे येथे विद्यार्थ्यांनी ‘लोरायडर’ हे मासिक सुरू केले आणि स्थानिक छंदाला देशव्यापी वाचक मिळाले. ‘इम्पिरियल्स’ क्लबचे जेसी वालाडेझ यांची, गुलाबांच्या चित्रांनी नटलेली १९६४ ची इम्पाला ‘जिप्सी रोझ’ तर दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकदृश्यात झळकली.

मात्र रस्त्यावरचा अनुभव वेगळा होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांनी व्हिटियर बुलेव्हार्डवरील क्रुझिंग बंद पाडले. १९७९ च्या ‘बुलेव्हार्ड नाइट्स’ या चित्रपटात या मोटारींची सांगड टोळीयुद्धाशी घातली गेली आणि मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी त्याचा निषेध केला. १९८० च्या दशकात राज्य कायद्याने शहरांना क्रुझिंगबंदीचे अधिकार दिले. ठरावीक वेळेत एकाच ठिकाणावरून पुन्हा पुन्हा मोटार नेली, तर दंड होऊ लागला. वाहतूक कोंडी आणि गुन्हेगारी ही त्यामागची अधिकृत कारणे होती. लोरायडर समुदायाचे म्हणणे असे, की रस्ता अडविणाऱ्या कृत्यांसाठी वेगळे कायदे होतेच. या नियमांचा उपयोग विशिष्ट वंशाच्या, विशिष्ट दिसणाऱ्या मोटारी थांबविण्यासाठी झाला.

हा युक्तिवाद हळूहळू मान्य होत गेला. २०१७ मध्ये ‘जिप्सी रोझ’ वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत प्रदर्शित झाली आणि राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत तिचा समावेश झाला. न्यू मेक्सिकोतील एका कुटुंबाने सजविलेली १९६९ ची फोर्ड एलटीडी ‘डेव्हज् ड्रीम’ स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. सॅन होजे आणि सॅक्रामेंटो या शहरांनी २०२२ मध्ये आणि सॅन दिएगोजवळील नॅशनल सिटीने २०२३ मध्ये क्रुझिंगबंदी उठविली. राज्याचे विधेयक हा या प्रवासातील शेवटचा टप्पा होता. संग्रहालयात ठेवलेली वस्तू रस्त्यावर मात्र गुन्हा ठरत होती. ती विसंगती त्याने दूर केली.

जपानची नऊ सेंटिमीटरची रेषा

जपानमध्ये हीच आवड वेगळ्या वाटेने आली. तेथे तिला ‘शाकोतान’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘वाहनाची कमी उंची’. १९७० च्या दशकात माउंट फुजीजवळील शर्यतींमध्ये धावणाऱ्या रुंद आणि बुटक्या मोटारींचे अनुकरण रस्त्यावरचे तरुण करू लागले. बंडखोर मोटारसायकल टोळ्यांच्या संस्कृतीचाही त्यात वाटा होता. १९८० च्या दशकात मिचिहारू कुसुनोकी यांच्या ‘शाकोतान बूगी’ या चित्रकथेने हा शब्द घरोघरी पोहोचविला. पुढे ओसाकाच्या परिसरात मोठ्या, आलिशान सेडान मोटारी जमिनीलगत आणण्याची ‘व्हीआयपी’ शैली रूढ झाली. चाकांचा वरचा भाग आत झुकवून ती तिरकी बसविण्याच्या टोकाच्या प्रकाराला तेथे ‘ओनिक्यान’ हे नाव पडले. त्यातील ‘ओनी’ म्हणजे राक्षस.

जपानने या आवडीला उत्तर दिले ते मोजपट्टीने. तेथे खासगी मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. ‘शाकेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीत मोटारीच्या पोटाखाली किमान नऊ सेंटिमीटर अंतर असणे आवश्यक असते. त्यामुळे तपासणीच्या आधी कॉइलओव्हरची कडी फिरवून मोटार वर घ्यायची आणि नंतर पुन्हा खाली आणायची, ही क्लृप्ती तेथेही चालते. तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. नियम सर्वांना ठाऊक आहे, तो आकड्यात आहे आणि तपासणी सर्वच मोटारींची होते. कोणाला थांबवायचे हे रस्त्यावरच्या पोलिसाच्या मर्जीवर सोडलेले नाही.

जर्मनीतही पद्धत याच धर्तीची आहे. स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर बदलायचे असल्यास त्या सुट्या भागाला तांत्रिक मान्यता असावी लागते आणि आवश्यक तेथे मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून तपासून बदलाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत करावी लागते. मान्यता नसलेला बदल केल्यास मोटारीचा रस्त्यावर चालविण्याचा परवानाच धोक्यात येतो. परिणामी मोटार खाली बसविणे तेथे गुन्हा नाही. तपासल्याशिवाय बसविणे हा गुन्हा आहे.

२००० नंतरच्या दशकात जपानी, युरोपीय आणि अमेरिकी धारा छायाचित्रांच्या माध्यमातून एकमेकींत मिसळल्या आणि त्यातून ‘स्टान्स’ ही जागतिक शैली तयार झाली. मोटारीची उभी राहण्याची ढब, एवढाच या शब्दाचा अर्थ. रिमची कडा आणि मडगार्डची कमान यांच्यात किती मिलिमीटर अंतर राहिले, यावर येथे मोटारीची पारख होते. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसविणे आणि चाके तिरकी करणे ही या शैलीची खूण ठरली.

थोडे खाली आले तर लाभ, फार खाली आले तर तोटा

शर्यतीच्या मोटारी जमिनीलगत असतात, मग रस्त्यावरची मोटार खाली आणण्यात गैर काय, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात अर्धे सत्य आहे. वळणावर मोटारीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. हा सरकणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. समजा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर आहे आणि तो तीन सेंटिमीटरने खाली आणला, तर सरकणारा भार सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटतो. मोटार वळणावर अधिक स्थिर वाटते. मोटार कंपन्याही आपल्या वेगवान आवृत्त्या एक-दोन सेंटिमीटरने खाली ठेवतात, त्याचे कारण हेच. मात्र त्या वेळी स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि सांध्यांची रचना त्या उंचीसाठी नव्याने आखलेली असते.

त्या मर्यादेपलीकडे हिशेब उलटतो. चाकाला वर-खाली होण्यासाठी जागा उरत नाही. लहानशा खड्ड्यातही सस्पेन्शन तळाच्या रबरी अडथळ्यावर आदळते आणि त्या क्षणी मोटारीला सस्पेन्शन जवळजवळ नसतेच. चाक रस्ता सोडते. रस्ता सोडलेल्या चाकाचा ब्रेक निरुपयोगी असतो. सस्पेन्शनचे दांडे आणि स्टिअरिंगचे टाय रॉड मूळ कोनातून सरकल्याने उंचवट्यावर चाके आपोआप किंचित वळतात. स्टिअरिंग स्थिर धरूनही मोटार दिशा बदलते, ती यामुळे. इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टचे सांधेही जास्त कोनात फिरून लवकर झिजतात.

तिरक्या चाकांचा हिशेब आणखी सोपा आहे. वीस सेंटिमीटर रुंदीचा टायर दहा अंशांनी झुकविला, तर भूमितीनुसार त्याची बाहेरची कडा जमिनीपासून साडेतीन सेंटिमीटर वर उचलली जाते. टायर दबत असल्याने प्रत्यक्षात हे अंतर काहीसे कमी भरते. तरीही मोटारीचा बराच भार टायरच्या आतल्या अरुंद पट्टीवर येतो. ती पट्टी झपाट्याने झिजते, आणि ती आतल्या बाजूला असल्याने मालकाच्या नजरेस येत नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना नेमकी हीच पट्टी कामाची असते.

दिव्यांचा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असलेला हेडलाइट दर मीटरमागे एक सेंटिमीटर खाली झुकविलेला असेल, तर त्याचा झोत ६५ मीटरपर्यंत पोहोचतो. अडीच मीटर चाकांतर असलेल्या मोटारीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा केवळ अडीच सेंटिमीटर अधिक खाली बसला, तर झोताचा उतार दुप्पट होतो आणि प्रकाश सुमारे ३१ मीटरवरच संपतो. मागचा भाग अधिक खाली बसला, तर हाच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दिवे पुन्हा जुळवून घेतले नाहीत, तर दिवसा देखणी दिसणारी मोटार रात्री धोकादायक ठरते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत बॅटरी तळाशीच असल्याने पोट घासण्याची किंमत आणखी मोठी असू शकते.

मेळावे आणि रहिवाशांची सहनशक्ती

मोटार खाली बसविणारा माणूस ती दाखविण्यासाठीच बसवितो, त्यामुळे मेळावा हा या संस्कृतीचा प्राण आहे. ऑस्ट्रियातील वोर्थरसी सरोवराकाठच्या राइफनित्झ या गावात १९८२ पासून फोक्सवॅगन गॉल्फ जीटीआयच्या चाहत्यांचा मेळावा भरू लागला. १९८७ मध्ये गावात चक्क ग्रॅनाइटची गॉल्फ जीटीआय उभारण्यात आली. पुढे मात्र गर्दी, आवाज आणि धूर यांना स्थानिक रहिवासी कंटाळले आणि अधिकृत मेळावा बंद झाला. २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीने चाहत्यांना जर्मनीतील वुल्फ्सबर्ग येथे बोलाविले.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अनुभव अधिक कटू आहे. मेरीलँडमधील ओशन सिटी येथे बिनपरवाना मेळाव्यांमुळे दरवर्षी तणाव निर्माण होऊ लागला. राज्याने २०१८ मध्ये विशेष कायदा करून अशा दिवसांत वेगमर्यादा घटविण्याची आणि दंड वाढविण्याची तरतूद केली. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू जर्सीतील वाइल्डवुड येथे अशाच एका बिनपरवाना मेळाव्यादरम्यान भरधाव मोटारीमुळे दोघांचा बळी गेला. तेथे बळी घेतले ते गर्दीच्या रस्त्यावरील बेदरकार वेगाने, मोटारीच्या उंचीने नव्हे. तरीही अशा प्रत्येक घटनेनंतर संशयाची सुई सर्वच फेरफार केलेल्या मोटारींकडे वळते आणि शिस्तीत छंद जोपासणाऱ्यांनाही तिची झळ बसते.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतात नियम कडक आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार करता येत नाहीत. मान्यताप्राप्त सीएनजी संच बसविण्यासारख्या काही बदलांना ठरलेल्या पद्धतीने परवानगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मोटारींच्या सजावटीची हौस मोठी असलेल्या केरळमध्ये मोटार वाहन विभागाच्या कारवाया वारंवार चर्चेत येतात. नोंद नसलेला फेरफार अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही अडचणीचा ठरू शकतो.

कायद्याच्या आधी मात्र रस्ताच मालकाला अडवितो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. या रुंदीला अर्थ आहे. अडीच मीटर चाकांतराची मोटार अशा गतिरोधकावर चढली, तर तिची चाकेही त्याच वक्रावर असतात. भूमितीच्या हिशेबाने तिच्या पोटाखालचे अंतर केवळ साडेचार सेंटिमीटरच्या आसपास घटते. म्हणजे सावकाश नेल्यास नऊ सेंटिमीटर उंचीची, जपानी नियमात बसणारी मोटारही त्यावरून न घासता जाऊ शकेल. पण गल्लीबोळांत रातोरात उभ्या राहणाऱ्या हातभर रुंद गतिरोधकावर पुढची आणि मागची चाके सपाट रस्त्यावर आणि मधले पोट थेट उंचवट्यावर येते. तेथे गतिरोधकाची जेवढी उंची, तेवढे अंतर जाते. अशा उंचवट्यांवर कारखान्यातून जशीच्या तशी आलेली मोटारही घासते, हा अनुभव महाराष्ट्रासह देशभरातील चालकांचा आहे. पावसाळ्यातील खड्डे ही त्यात पडणारी भर.

याच्या जोडीला आणखी एक उणीव आहे. फेरफाराचे साहित्य बाजारात सहज मिळते. मात्र खासगी मोटारीचे सस्पेन्शन बदलून ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे आणि त्याची नोंद करावी, अशी जर्मनीसारखी सर्वसामान्यांच्या आवाक्यातील वाट येथे रुळलेली नाही. वाहनांच्या मान्यता-चाचण्या करणारी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारखी संस्था देशात आहे, पण तिचे काम प्रामुख्याने उत्पादकांसाठी चालते. त्यामुळे काळजीपूर्वक बनविलेला कॉइलओव्हर संच आणि गॅरेजमध्ये कापलेली स्प्रिंग, कायद्याच्या नजरेत दोन्ही एकाच रांगेत उभे राहतात. जबाबदारीने खर्च करणाऱ्याला त्याचे श्रेय मिळत नाही आणि निष्काळजी माणसाला वेगळे काढता येत नाही.

मोजायचे काय?

कॅलिफोर्नियाने कलम २४००८ रद्द केले, याचा अर्थ तेथे असुरक्षित मोटार चालविण्याची मुभा मिळाली असा नाही. बेदरकारपणे वाहन हाकणे, वाहतूक अडविणे, सदोष वाहन रस्त्यावर आणणे हे आजही गुन्हेच आहेत. गेले ते मोटारीच्या रूपावरून माणसाची पारख करण्याचे साधन. जपानने नऊ सेंटिमीटरची रेषा कायम ठेवली, जर्मनीने प्रत्येक सुट्या भागाची तपासणी कायम ठेवली. या तिन्ही ठिकाणच्या अनुभवांत एक समान धागा आहे. टायरची झीज, दिव्यांचा कोन, ब्रेकचे अंतर आणि सस्पेन्शनची हालचाल मोजणारा नियम टिकतो, कारण तो सर्वांना सारखा लागू होतो. नुसत्या दिसण्यावर बोट ठेवणाऱ्या नियमाला मात्र आधी पळवाट फुटते आणि मग त्याच्या हेतूविषयीच शंका घेतली जाते.

हौशी मालकासाठीही बोध तेवढाच स्पष्ट आहे. मोटार आणि रस्ता यांच्यातील चार बोटांची जागा रिकामी दिसत असली, तरी ती वाया गेलेली नसते. खड्डा चुकविता आला नाही, समोरून अचानक कोणी आडवे आले, किंवा पावसात जोरात ब्रेक दाबावा लागला, की त्याच जागेत मोटार स्वतःला सावरते. ती किती आणि कशी कमी करायची, याचा निर्णय सौंदर्यदृष्टीबरोबरच मोजपट्टी हातात घेऊन झाला, तर या छंदाला विरोध करण्यासारखे फारसे काही उरणार नाही.